खंडेनवमीची रायफल

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी भट्टी पेटलेली होती. फाटकात रिक्षा खोळंबलेली, आई डोळे पुसत पुसत माझ्या बॅगेत तिखटाचा डबा कोंबतेय, आणि माझे वडील, आप्पा, माझ्याकडं पाठ करून ओतकाम बघत उभे. मी जवळ जाऊन वाकले. त्यांनी मान वळवली नाही. "रस उतरलाय, आता थांबता येत न्हाई. जा तू," एवढंच म्हणाले. मी गेले. लंडनच्या विमानात बसेपर्यंत केसांना भट्टीच्या धुराचा वास होता आणि मला त्या वासाचासुद्धा राग येत होता.

राग का, ते सांगते. तिकडं राहिलेल्यांना वाटतं मी पौंडांच्या मागं गेले. इकडं आलेल्यांना वाटतं मीही त्यांच्यासारखीच 'करिअर'साठी आले. दोघांचंही चुकतंय. मेटलर्जीत मी कॉलेजात पहिली आले होते, धातूवाचून मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि घरच्या फाउंड्रीत माझं काम काय, तर कामगारांना चहा नेऊन देणं. पळीला हात लावला की आप्पा ओरडायचे, "ठेव ते! बाईमाणसाचं काम न्हाई ते." फाउंड्री दादाला मिळाली. दादाला धातूतलं ढिम्म कळत नव्हतं. पुढं त्यानं ती विकूनही टाकली. आता तिथं फ्लॅट झालेत आणि खाली मोबाइलचं दुकान आहे. म्हणून मी गेले. समजलं?

सुरुवातीला लंडनच्या हाउन्सलोत तीन मुलींत एक खोली. डोक्यावरून सतत विमानं, खाली घरमालकिणीचा कुत्रा. मग इकडं श्रॉपशायरला एका कास्टिंग कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. मला वाटलं, सुटले, आता तरी भट्टी मिळाली. कसली भट्टी! काचेच्या या बाजूला मी, त्या बाजूला भट्टी. नमुने यायचे, मी तपासायचे, रिपोर्टवर सही करायचे. एकदा आत जाऊन पळी उचलली तर सुपरवायझर धावत आला, "नॉट युअर जॉब, लव्ह." तेच वाक्य, फक्त भाषा बदलली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

डेरेक भेटला तो तिथेच. मेंटेनन्सचा माणूस, रिटायरमेंटला टेकलेला, तोंडानं अतिशय वाईट. सुट्टीच्या दिवशी तो रायफल क्लबला जायचा आणि गोळ्या घरी ओतायचा. मी म्हटलं, मला बघायचंय. त्याच्या शेडमध्ये गेले तर गॅसवर शिशाचं भांडं, हातात सांडशीसारखा दोन पाकळ्यांचा साचा, आणि निघणाऱ्या प्रत्येक गोळीवर सुरकुत्या. "साचा गार आहे तुझा," मी म्हणाले. "टाक त्या परत भांड्यात." त्यानं मला एक कचकचीत शिवी हासडली आणि पळी माझ्या हातात दिली. या देशात माझं झालेलं पहिलं स्वागत ते.

त्यानंतर मी सुटलेच. जुन्या छपरांवरून उतरवलेलं शिसं एक छपरं दुरुस्त करणारा द्यायचा, ते वितळवायचं, त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, भप्पकन धूर होतो आणि मळ वर येतो, तो काढायचा, मग थोडं कथील. माझ्या घरामागच्या शेडची दारं सताड उघडी, तोंडाला मास्क, आणि काम झालं की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय घरात पाऊल नाही. गोळी नीट उतरली की चांदीच्या सुपारीसारखी दिसते. ती मेणानं माखायची, बंदुकीची दारू तराजूवर मोजायची, पितळी पुंगळीत भरायची, वर गोळी बसवायची. सगळं हातानं, सगळं मी. पुढं परवाना काढला आणि स्वतःची रायफल घेतली. जाड नळीची, ट्रिगरखालची लिव्हर खाली ओढून भरायची, खांद्याला घोड्याच्या लाथेसारखा दणका देणारी. एका शेतकऱ्याचा गहू हरणं फस्त करतात, त्याच्या रानात मला परवानगी मिळाली. मी मारलेलं पहिलं हरीण जागच्या जागी पडलं. मी ते स्वतः सोललं आणि त्याचं कोल्हापुरी मटण केलं. हरणासाठी कुणाला रडायचं असेल त्यानं खुशाल रडावं, पण पॅकेटमधली कोंबडी खाता खाता नको.

इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना हे पचलं नाही. गणपतीत भेटलं की मंजिरीताई हमखास माझ्याकडं बोट करणार, "ही आमची फूलनदेवी!" मंजिरीताई म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरी, मूळच्या पुण्याच्या, नवरा बँकेत. "अगं, तुला योगा वगैरे काही मिळालं नाही का?" असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलेलं आहे. मी म्हटलं, मिळाला होता, पण त्यात आवाज होत नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी फार गोड वागायला लागल्या.

इथल्या परवान्याची एक गोष्ट आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रायफल लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली फक्त परवाना ज्याच्या नावावर त्याच्याकडं. नवरा, बायको, आई, बाप, कुणालाही ती हाती लागता कामा नये, कुठं असते ते ठाऊकसुद्धा असता कामा नये. परवाना देणाऱ्या पोलीस ऑफिसरनं पहिल्या भेटीतच हे दोनदा बजावलं होतं. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. मी एकटी राहते. कोण मागणार होतं?

आई गेली आणि आप्पा पहिल्यांदा इकडं आले. दादाच्या बायकोशी पटेना म्हणून आले, माझ्या ओढीनं नव्हे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. इथलं पाणी मऊ, भाकरी जाड, थंडी फाजील. मी त्यांना शेडमध्ये नेलं. मला काय वाटत होतं, ते आता सांगायची लाज नाही: मला वाटत होतं, बघतील आणि म्हणतील काहीतरी. मी त्यांच्यासमोर ओळीनं गोळ्या ओतल्या, एकीवर सुरकुती नाही. आप्पांनी एक उचलली, नखानं ओरखडली आणि परत ठेवली. "शिसं म्हंजे काय ओतकाम हाय व्हय?" म्हणाले आणि चहा मागितला. मी चहा केला. साखर मुद्दाम कमी घातली.

मग खंडेनवमी आली. आमच्या फाउंड्रीत त्या दिवशी भट्टी थंड असायची. पळ्या, साचे, हातोडे धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि हत्यारांचं कपाट घरातल्या थोरल्यानं स्वतःच्या हातानं उघडायचं, ही रीत. किल्ली त्याच्या हातात द्यायची, ती दोन्ही हातांनी, वाकून. आप्पांच्या हातात किल्ली द्यायचा हा मान दरवर्षी दादाचा. मी आणि आई दारात उभ्या राहून बघायचो.

सकाळी आप्पा आंघोळ करून, टोपी घालून माझ्या कपाटासमोर येऊन उभे राहिले. पाट मांडलेला. "हत्यारं काढायची न्हाईत व्हय आज? किल्ली आण," म्हणाले. आणि हात पुढं केला.

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं. म्हणून बघा. सातासमुद्रापार, माझ्या घरात, मी हप्ते भरते त्या घरात, त्या माणसानं हात पुढं केला आणि माझे दोन्ही हात आपोआप जुळून पुढं गेले. मी वाकलेसुद्धा! किल्ली दिली. आप्पांनी रायफल काढली, पाटावर आडवी ठेवली, विड्याच्या पानांवर पाच काडतुसं मांडली, शेडमधली माझी पळी आणि साचा आणवून शेजारी ठेवला. नळीला कुंकू लावलं. माझ्या पळीलाही लावलं. मला रडू आलं, कशाला खोटं बोलू.

पूजा संपेपर्यंत मी तिथंच थांबणार होते. मग रायफल पुसून परत आत आणि किल्ली माझ्याकडं, असा माझा हिशेब. पण नारळ फोडायला घेतला तर नासका. "दुसरा आण, अपशकून नको," आप्पा म्हणाले. आमच्या गावात कुठला नारळ! इंडियन दुकान थेट वुल्व्हरहॅम्प्टनला. मी म्हटलं, तोवर हे आत ठेवते. आप्पा खवळले. "मांडलेली पूजा उचलतात व्हय? तुझ्या आईनं हेच शिकवलं का?" आईचं नाव काढलं. मी गाडी काढली आणि नारळ आणायला गेले, रायफल पाटावर आणि किल्ली आप्पांकडं ठेवून.

तेवढ्यात आप्पांना भेटायला मंजिरीताई आल्या, हातात करंज्या घेऊन. आप्पांनी हौसेनं पूजा दाखवली. ताईंनी फोटो काढला: मागं सताड उघडं कपाट, पुढं रायफल आणि काडतुसं, मधे आप्पा, करगोट्याला लटकलेली किल्ली छातीपर्यंत उचलून मेडल मिळाल्यासारखी दाखवत. खाली लिहिलं, 'वसुधा घरी नसताना आप्पांनी एकट्यानं केलेलं शस्त्रपूजन! संस्कार!!' आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं. मी दुकानात रांगेत उभी असताना ते वाचलं. हातातला नारळ खाली पडला.

दोन दिवसांत पोलीस दारात. तो फोटो त्यांच्यापर्यंत कुणी पोचवला, मला ठाऊक नाही. मंजिरीताई देवाशपथ नाही म्हणतात. ज्यानं कुणी पोचवला तो पुढच्या गणपतीत माझ्या शेजारी बसून मोदक खाणार आहे, एवढं नक्की. रायफल नेली, काडतुसं नेली, दारू नेली. नळीवरचं कुंकू बघून त्यातल्या तरुण पोलिसानं विचारलं, "इज दॅट ब्लड?"

मग फायरआर्म्सचा ऑफिसर आला, जबाब घ्यायला. माणूस बरा होता, तेच वाईट. त्याला मदत करायची होती. म्हणाला, फोटोत किल्लीसारखं काहीतरी दिसतंय, पण ती याच कपाटाची कशावरून? दुसरीही असेल. तुम्ही बाहेर जाताना कपाट बंद करायला विसरलात, किल्ली मात्र तुमच्याचकडं होती, असं असेल तर कदाचित समज देऊन भागेल. पण किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली असेल तर परवाना जाणार. फोनवरचा दुभाषा मिळतोय का बघितलं, तर गुजराती मिळत होता. शेवटी म्हणाला, तुम्हीच विचारा वडिलांना, किल्ली कुणाकडं होती?

मी आप्पांना विचारलं. कोण येणार, कशासाठी येणार, सगळं आदल्या रात्री त्यांना समजावलं होतं. फक्त 'माझ्याकडं नव्हती' म्हणा, एवढंच सांगितलं होतं. आप्पांनी टोपी सारखी केली. त्या गोऱ्याकडं बघत, एकेक शब्द ठासून बोलले:

"किल्ली माझ्याकडं हुती. हिनं दोन्ही हातांनी दिली. पोरगी परमुलखात ऱ्हाती, पर घरची रीत सोडली न्हाई हिनं. पोराला जमलं न्हाई ते हिनं केलं."

जन्मभर मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य हे. ऑफिसर पेन धरून माझ्याकडं बघतोय. खोटं बोलायला काहीच लागत नव्हतं, आप्पांना इंग्रजी येत नाही आणि त्याला मराठी. पण खोटं बोलायचं म्हणजे ते वाक्य आप्पांनी उच्चारलंच नाही, असं म्हणायचं. ते माझ्या तोंडून येईना. आणि संतापही असा होता, की या माणसानं माझ्याकडून फाउंड्री घेतली, आता रायफलही याच्याच हातानं जाऊ दे, पण काय घेतलंय ते मी मोठ्यानं म्हणणार.

"ही सेज आय गेव्ह हिम द की," मी म्हणाले.

"इज दॅट ऑल?" ऑफिसरनं विचारलं. आप्पा तर बराच वेळ बोलले होते.

"दॅट्स ऑल."

परवाना गेला. रायफल एका डीलरकडं विकायला दिली. शेतकऱ्यानं रानात दुसरा माणूस घेतला. डेरेक म्हणाला, "माझ्या बायकोला अजून माहीत नाही माझी किल्ली कुठंय, आणि तू नारळ आणायला गेलीस?" तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आप्पा कोल्हापूरला परतले आणि तिथं भेटेल त्याला सांगत सुटलेत, की लेकीनं कपाट माझ्या हातानं उघडवलं. त्यात परवाना गेल्याचं नसतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "गेली तर गेली, बाईमाणसाला काय करायची बंदूक."

परवा त्यांचा फोन आला. पुन्हा दादाच्या बायकोशी वाजलंय. "यंदा नवरात्रात तिकडंच येतो," म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. मला लोक विचारतात, घर कुठलं आता तुझं, इथलं की तिथलं. आजवर मी काहीतरी गोलमाल उत्तर द्यायचे. परवा फोन कानाला लावून उभी होते तेव्हा उत्तर आपोआप तोंडात आलं.

"या ना आप्पा," मी म्हणाले. "पाहुणे म्हणून या. या घरात थोरली मी आहे."

मग त्यांनी फोन ठेवला. तिकीट त्यांनी अजून काढलेलं नाही. मी वाट बघतेय, आणि बघतेय याचाच मला संताप येतोय.