कोणती पैनगंगा?

आमच्या मामांच्या घरी जनावर कधी मेलंच नाही. रिसोडच्या वेशीबाहेर त्यांचा भाजीचा मळा, आणि मोटेच्या जोडीत एक पांढरा बैल, नाव सरदार. मी झबल्यात होतो तेव्हाही सरदार, मला मिसरूड फुटलं तेव्हाही सरदार! एक गेला की मामा दुसरा आणायचे, मामींकडून त्याला ओवाळून घ्यायचे आणि कानात तेच नाव सांगायचे. "मागचा सरदार गरीब होता," असं कुणी चुकून म्हटलं की मामा भडकलेच. "मांगचा कायचा? सरदार एकच हाय!" मांजरीचं तर विचारूच नका. काळी गेली, तिच्या जागी पांढरीफटक आली, तर तिलाही हे 'काळी'च म्हणत.

लढाई सुरू झाली आणि त्यांचा एकुलता एक बापू आरमारात भरती झाला. समुद्र आमच्यापैकी कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. पण बापूच्या लढाऊ जहाजाचं नाव 'पैनगंगा', म्हणजे आमचीच नदी! रजेवर आला तेव्हा त्यानं सांगितलं, की जहाज बुडालं किंवा मोडीत निघालं तर त्याचंच नाव नव्याला देतात. ही तिसरी पैनगंगा. मामांना आभाळ ठेंगणं झालं. "पाह्य, सरकारलेबी अक्कल आली!" असं ते गावभर सांगत सुटले. गिऱ्हाइकांना वांगी कमी आणि जहाजं जास्त मिळू लागली.

मग एका बाजाराच्या दिवशी शेजारचा तुळशीराम धापा टाकत मळ्यात आला. "मामा, बजारात आयकून आलो. पैनगंगा बुडाली. एकबी मानूस वाचला नाही म्हनतेत."

मामी मटकन खाली बसल्या. मामांनी मात्र मोट थांबवली नाही. "कोनती पैनगंगा?" त्यांनी विचारलं.

तुळशीराम डोकं खाजवू लागला.

"अरे, पयली असंन, नाहीतर दुसरी. जुनी गोष्ट सांगून राह्यला असंन कोनी. आपली तिसरी हाय. काहून रडून राह्यली वं? ऊठ, भाकर करपून राह्यली!"

पुढं रोज मामी डोळ्यांना पदर लावायच्या आणि रोज मामा ठणकावून सांगायचे, "जुनी बुडाली, जुनी!" असा हटवादी माणूस मी दुसरा पाहिला नाही. खरं सांगतो, मला त्यांचा रागच यायचा.

आणि दिवाळीच्या तोंडावर बापू धडधाकट दारात उभा! देवा, सुटलो एकदाचे! बुडाली होती ती मागच्या लढाईतली पैनगंगा. बाजारात एक म्हातारा शिपाई तिची हकिकत सांगत बसला होता आणि आमच्या तुळशीरामनं अर्धीच ऐकून धूम ठोकली होती. घरात हसू, रडू, करंज्या सगळं एकदमच सुरू झालं.

मी मामांना शोधत विहिरीवर गेलो. म्हटलं, "मामा, तुमी म्हनत होते तेच खरं निंगालं. तुमाले कसं मालूम होतं?"

"मले कायचं मालूम बाप्पा!" मामा हळूच म्हणाले. "तुह्या मामीच्या तोंडाकडं पाह्यवत नव्हतं."

आणि इतके दिवस ज्यांच्या डोळ्यांत टिपूस दिसलं नव्हतं, ते आमचे मामा धोतराचा सोगा तोंडात कोंबून हमसाहमशी रडू लागले. घरातून बापूचं हसणं ऐकू येत होतं.