खोटी पेशंट

ताईला पडता फार छान यायचं. उभ्याउभ्या डोळे फिरवून ती अशी कोसळायची, की प्रथमोपचाराच्या वर्गाला बसलेले धट्टेकट्टे कामगारही खुर्चीतून अर्धे उठायचे. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा असं पडलं की लागत नाही, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. नवरा गेल्यावर घरी बसून भिंतींशी काय बोलायचं, म्हणून ती धाकट्या भावाबरोबर कारखान्यांतून हिंडू लागली. भाऊ अग्निशमन दलातून निवृत्त झालेला; सगळे त्याला मास्तर म्हणत. अकरा वर्षं तो शिकवत होता आणि ती मरत होती.

वर्गात तो तिला 'बाई' म्हणायचा. बहीण आहे कळलं तर लोक खिदळतील, असं त्याचं म्हणणं. ती पडली की इतकी निपचित राहायची, की कधी कधी मास्तरच वाकून तिचा श्वास बघून घ्यायचा.

"एवढं खरं नको करत जाऊस," तो एकदा घरी म्हणाला.

"अरे, बरं वाटतं रे तिथे," ताई म्हणाली. "सगळं ऐकू येतं आणि कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. तू 'उठा बाई' म्हणतोस ना, तेव्हा जिवावर येतं."

मास्तरला ते काही आवडलं नाही. पण ताई खूश होती, म्हणून त्याने विषय सोडून दिला. नको होता सोडायला.

वर्गाची रीत ठरलेली. ताई पडली की कुणीतरी खांदे हलवून हाक मारायचं, वाकून श्वास बघितल्यासारखं करायचं, फोन लावल्याचं सोंग आणायचं. मग सगळे तिच्याशेजारच्या रबरी पुतळ्याकडे सरकायचे, कारण चालत्या हृदयावर दाब देत नाहीत. ते पुतळ्याला वाचवायचे, मास्तर फळाभर सूचना लिहायचा आणि ताई तशीच पडून राहायची.

त्या दिवशी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीआधी, ताई पडली. धप्पकन आवाज जरा मोठा आला, एवढंच मास्तरला जाणवलं. त्याचं तोंड फळ्याकडे होतं.

मागे हाका झाल्या, मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. तीस झाले की पुतळ्याच्या तोंडात दोन श्वास, की पुन्हा एकपासून. मध्येच घुर्र असा आवाज आला. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा.

"बाईंना झोप लागली वाटतं," कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मास्तरही हसला. आज ताईने भलतंच रंगवलंय, असं मनाशी म्हणत तो लिहीत राहिला: 'मधूनच येणारी घरघर म्हणजे श्वास नव्हे.'

वाक्य संपलं आणि खडू हातातच राहिला. तो वळला. ताईचे ओठ जांभळे पडले होते. तिच्यापासून हातभर अंतरावर एक दणकट गडी घाम गाळत रबर दाबत होता.

"ॲम्ब्युलन्स बोलवा! खरंच बोलवा!" मास्तरने गुडघे टेकले आणि ताईच्या छातीवर हात रोवले. वर्ग कौतुकाने पुढे सरकला. त्याच्या दाबांबरोबर सगळे एका सुरात मोजायला लागले. त्याच्या हाताखाली कडकन बरगडी मोडली, तरी ते मोजतच होते.

"अरे, बहीण आहे रे ती माझी!"

मोजणी बंद पडली. पॅकिंगमधल्या एका बाईने धावत जाऊन फोन लावला. मास्तरचे हात थकल्यावर तो दणकट गडी दाब देऊ लागला. तो रडत होता. ॲम्ब्युलन्सच्या लोकांनी विजेचा दुसरा झटका दिला तेव्हा ताईचं हृदय चालू झालं.

ताई घरी आली. बरगडी जुळली. ती पेपर वाचते, पण वाचलेलं अर्ध्या तासात पुसलं जातं. त्या दिवशी पाठीमागे मोजणीचे किती फेरे झाले, ते मास्तरने आठवून आठवून पाहिलंय. नऊ. म्हणजे जवळजवळ साडेतीन मिनिटं.

रोज संध्याकाळी ती त्याच्यासमोर येऊन बसते आणि आजच सुचल्यासारखं विचारते, "मी पडले तेव्हा तुला लगेच कळलं ना रे?"

"लगेच, ताई."

"मला वाटलंच," असं म्हणून ती निवांत डोळे मिटते, आणि मास्तर तिच्या छातीकडे बघत बसतो.