बायकांच्या खोलीतली तार

तीस-पस्तीस वर्षं झाली, पण दुपारचे चार वाजले की ते तीन ठोके माझ्या कानात अजून पडतात.

बदलापूरच्या पुढचं, स्वातंत्र्यानंतर लगेच बांधलेलं एक लहान स्टेशन. दगडी भिंती इतक्या जाड, की आत बोललेलं वाक्य बाहेर यायला दुसरा दिवस उजाडावा. छपराखाली टांगलेला रुळाचा तुकडा आणि शेजारी लटकणारा हातोडा, हीच घंटा. तीन ठोके म्हणजे मागच्या स्टेशनातून गाडी सुटली. नव्वदच्या सुमारास ती रोज चारला आपोआप वाजू लागली. चारची गाडी तर केव्हाच बंद झालेली!

मी तेव्हा रेल्वे पोलिसांत फौजदार. खबर दिली चहाच्या स्टॉलवाल्या सिंधी काकांनी. "साहेब, भूत है उधर. लोग चाय आधी छोड़ के भागते हैं."

संशय घंटा वाजवणाऱ्या, खरवई गावच्या पोर्टरवर. निवृत्तीला दोन महिने. आरोप सिद्ध झाला तर नोकरी गेली. पोलीस ठाण्यात त्याच्यावर मी असा ओरडलो की भिंतीवरचं घड्याळ थांबलं. तो एवढंच म्हणाला, "सायेब, आईशपथ, मी नाय वाजवली."

दोन हवालदार घंटेखाली उभे केले. चारला हातोडा आपला आपण हलला. टण, टण, टण. एक हवालदार थेट वांगणीपर्यंत पळाला असावा.

पंचनाम्यात दगड न् दगड मोजला होता, फक्त बायकांची वेटिंग रूम सोडून. तिथे पुरुष पोलीस जायचा नाही, आणि महिला शिपाई आमच्याकडे एकही नव्हती. शेवटी पोर्टरच्या बायकोला पुढे घालून आत शिरलो. कपाटाआड भिंतीतून थेट हातोड्यापर्यंत गेलेली तार, आणि ती धरून बसलेली एक म्हातारी. ही खोली पूर्वी इथल्या जुन्या स्टेशन मास्तरांची. ही त्यांची विधवा, नुकतीच गावातल्या मुलाकडे राहायला आलेली.

"आजी, हे काय?"

"ह्यांना शेवटी ऐकू येईना हो. फोन मी घ्यायचे, ठोके मीच द्यायचे. चारची गाडी चुकली तर ह्यांची नोकरी जाईल."

"आन् आमच्या ह्यांची जातेय, ती?" पोर्टरची बायको म्हणाली.

म्हातारीने तार सोडली.

पंचांसमोर तार कापली, हातोडा जप्त केला. दुसऱ्या दिवशी चारला आम्ही सगळे फलाटावर. पोर्टर माझ्यासमोर, हात जोडून. म्हातारी बाकावर.

टण, टण, टण.

हातोडा माझ्या टेबलाच्या खणात होता. म्हातारी लगबगीने उठली, पदर सावरला. "आले हो," म्हणाली, मास्तरांच्या त्या रिकाम्या खोलीकडे बघून.

आयुष्यात पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्या. ही कमी करून सांगतोय. अहवालात लिहिलं, 'जुनी तार. पोर्टरचा संबंध नाही.' तो सुखरूप निवृत्त झाला. पुढे प्रत्येक तपासात, जिथे जायला संकोच वाटे त्या दारावर मी आधी थाप मारली.

त्या दुसऱ्या दिवसाच्या पंचनाम्यावर मात्र एकही पंच सही करेना. मी तरी कुठे केली!