ओढ्यातली बाई

दानम्मा सवतीवर जळते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सवत मेलेली होती, तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, आणि दानम्माच्या नवऱ्यानं तिला जिवंतपणी कधी पाहिलंही नव्हतं. तरी दानम्माच्या लेखी ती सवतच.

झालं होतं ते असं. दानम्माचा नवरा शिवमूर्ती शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावचा पोलीस पाटील. काही वर्षांमागं, हरभऱ्याच्या काढणीत, त्याच्या शेताखालच्या ओढ्यात एका बाईचं प्रेत सापडलं. तिशीतली बाई, गळा आवळून टाकून दिलेली. अंगावर जांभळी साडी, हातात हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेला विंचू. पोलीस आले, कुत्रं आलं, पेपरात फोटो छापून आला. मारणारा सापडला नाही. मेलेली कोण, तेही कळलं नाही. पोलीस सांगून थकले तरी गाव तिला स्मशानात जागा देईना. कुठली, कुणाची, काय भानगड, कोण जाणे! तेव्हा शिवमूर्ती म्हणाला, "माझ्या शेतात देतो माती."

लिंगायतांत माणूस गेलं की पुरतात. शिवमूर्तीच्या घरची माणसं शेताच्या कोपऱ्यात, कडुनिंबाखाली. तिथं सासरे होते, त्यांच्या शेजारी सासू. पुढची जागा शिवमूर्तीची आणि त्याला लागून दानम्माची, हे ती नवी नवरी असतानाच सासूनं बोट करून दाखवलं होतं. शिवमूर्तीनं त्या बाईला पुरलं ते नेमकं दानम्माच्या जागेत.

"पल्याड खडक हाय," तो म्हणाला. "पहार लागत न्हाई."

दानम्मानं तेव्हा ते चालवून घेतलं. पोलिसांत बाईमाणूस नव्हतं म्हणून ओढ्यात उतरून प्रेतावर चादर टाकली होती ती तिनंच, आणि ते तोंड अजून डोळ्यांपुढून हटत नव्हतं. पण पुढं शिवमूर्तीचं जे सुरू झालं, ते तिला बघवेना. तो बाईचा फोटो खिशात घालून बाजार हिंडू लागला. रेणापूरचा बाजार, उदगीरचा, पार नांदेडकडचे. बांगडीवाल्यांना विचारायचा, गोंदणाऱ्या बायकांना विचारायचा. गावात कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी फोटो पुढं. दानम्माच्या अंगावर कोणती साडी आहे, हे डोळे मिटून त्याला सांगता आलं नसतं. त्या बाईच्या साडीचे काठ मात्र तो कुणालाही वर्णन करून सांगे. बेलपत्र वाहायला कोपऱ्यात गेला की आईवडिलांवर एकेक पान, आणि तिच्यावर ओंजळभर.

एकदा नांदेडला दानम्माच्या भाच्याचं लग्न होतं. शिवमूर्ती तिला मांडवात सोडून हिमायतनगरला गेला. तिकडं कुणाची तरी बहीण हरवली होती म्हणे. तो परतला तेव्हा पंगती उठल्या होत्या, आणि दानम्मा एकटीच आहेर घेऊन दारात उभी होती.

बसमध्ये तिनं विचारलं, "खरं सांगा. तुमी तिला आधी वळखत होता का?"

"न्हाई, गं."

"मग इतकं का जीव टाकून राहिलात?"

"तिला माणूस न्हाई कोणी, दानम्मा."

"आन मला हाय?"



मग गेल्या वर्षी, शिवमूर्ती तहसीलला गेलेला असताना, एक बाई दारात आली. महामाया तिचं नाव, हिमायतनगरची. शिवमूर्ती लग्नातून उठून जिच्या चौकशीला गेला होता, त्या हरवलेल्या बहिणीची ती थोरली. फोटोतलं तोंड फुगलेलं, ओळखू येत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं तिचं मन घेत नव्हतं. आता आई आजारी पडली होती आणि एकच विचारत होती, माझी सुकन्या कुठं हाय?

दानम्मानं तिला कडुनिंबाखाली नेलं. महामायानं मातीवर हात ठेवला आणि हंबरडा फोडला. दानम्माच्या मनात मात्र एकच आलं: ही घेऊन जाईल तिला. माझी जागा मोकळी होईल. आणि मनात आलं तसं तिनं महामायाला चहा दिला, जेवू घातलं, परत बसपर्यंत सोडलं.

"साहेबांकडं जा," तिनं बजावलं. "अर्ज द्या. सोडू नका."

पोलिसांनी प्रेताचे ठेवलेले जुने नमुने खराब झाले होते. डीएनए तपासणीसाठी सांगाडाच काढावा लागला. पंच आले, तहसीलदार आले. शिवमूर्ती डोक्यावर टॉवेल टाकून बांधावर बसला होता. दानम्मानं त्या दिवशी घरी पुरण घातलं. का घातलं, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पण खड्डा रिकामा झाला तरी नवरा तिचा झाला नाही. तो आता रोज ठाण्यावर फोन करी. "रिपोर्ट आला का? कधी येतो?" जेवताना घास हातात धरून थांबे. दानम्माला वाटलं, होती तेव्हा निदान एका जागी होती, आता ही घरभर झाली.

पावसाळा संपताना रिपोर्ट आला. जुळत नव्हतं. ती सुकन्या नव्हती. महामायाचा फोन आला. तिकडून तिचं रडणं, आणि इकडं शिवमूर्ती नुसता "हाव, हाव" म्हणत उभा. मग पोलिसांनी एक पांढरं गाठोडं आणून दिलं. गाठोडं इतकं लहान होतं की दानम्मा बघतच राहिली.

शिवमूर्ती कुदळ घेऊन निघाला. दानम्मा आडवी आली.

"तिथं न्हाई."

"मग कुठं? गाव जागा देत न्हाई."

"तुमच्या शेजारी मी. माझ्या पल्याड ती."

"पल्याड खडक हाय, सांगितलं न्हाई का?"

"तर जेसीबी लावा. तिच्यासाठी सारा मुलूख हिंडलात, माझ्यासाठी खडक फोडा."

शिवमूर्तीनं तिच्याकडं बघितलं. लग्नानंतर इतका वेळ त्यानं तिच्याकडं बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. दुपारी जेसीबी आला. खडक फुटायला संध्याकाळ झाली. गाठोडं ठेवताना त्याच्यावर चादर घातली ती दानम्मानं. नवऱ्याला तिनं हात लावू दिला नाही.

खुनाचा तपास तिथंच आहे, जिथं होता. शिवमूर्ती अजून बाजार हिंडतो. फरक इतकाच, की आता दानम्माही बरोबर जाते. फोटो तिच्याजवळ असतो, पदराच्या गाठीत. त्याच्या खिशात तो राहिलेला तिला खपत नाही.

"कोण लागती तुमची?" बाजारातल्या बायका विचारतात.

"माझी कोणी न्हाई, यांची लागती," दानम्मा नवऱ्याकडं बोट करून सांगते, आणि फोटो पुढच्या बाईला दाखवायला वळते.