ओग्न्यानचा डावा गुडघा

बल्गेरियातल्या रूसे शहरात माझं आणि ओग्न्यानचं भागीदारीत केस कापायचं दुकान आहे. पन्नाशी जवळ आली, पोट पुढे आलं, तसा ओग्न्यान डॅन्यूब नदीकाठी पळायला लागला. पळायला कसला, ढांगा टाकायला. पाऊल हातभर पुढे, आधी टाच, धप्प! मनातल्या मनात तो शर्यतीचा घोडा होता. काठावर गळ टाकून बसणारे मिन्कोकाका म्हणायचे, हा आला की मासे पलीकडच्या काठाला, रोमानियाला जातात.

उन्हाळा सरेपर्यंत डाव्या गुडघ्याची वाटी दुखायला लागली. जिना तो उलटा उतरू लागला. आमच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण वैद्यच. कुणी राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, चोळ म्हणालं, कुणी कोबीचं पान बांध. त्याने दोन्ही केलं. कोबी झिव्काने, म्हणजे त्याच्या बायकोने, पानांत खिमा-भात भरून सारमी करायला आणला होता. ती दुकानात येऊन शांतपणे म्हणाली, "जेवायला आता गुडघाच वाढू का?"

शेवटी तिनेच त्याला कालिना नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. कालिनाने त्याला पळवलं आणि मोबाइलवर चित्रण दाखवलं. घोडा कुठेच नव्हता. कपाट ढकलत न्यावं तसा एक माणूस स्वतःलाच ढकलत होता.

"तुम्ही दर पावलाला ब्रेक मारताय," ती म्हणाली. "तो धक्का गुडघा खातो. पावलं आखूड टाका, भराभर टाका. पाय अंगाखाली पडू द्या. आणि मांड्या-कुल्ल्यांना जरा ताकद आणा."

"पण मग मी दिसेन कसा?"

"गुडघा न दुखणाऱ्या माणसासारखा."

मग तो मांड्यांना रबरी पट्टा अडकवून दुकानात खेकड्यासारखा आडवा चालू लागला. फेस लावलेली गिऱ्हाइकं आरशातून बघत राहायची. नदीवर आखूड पावलं टाकत गेला, तर मिन्कोकाकांनी विचारलं, "काय रे, घरी दूध उतू चाललंय का?" ते त्याला झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोरून मुद्दाम ढांगा टाकत गेला आणि शेवटी झिव्काला बोलावून तिचा खांदा धरून घरी गेला. पुढचे काही आठवडे आरशात बघायचं टाळत त्याने कालिनाचं सगळं ऐकलं.

वसंतात शहराच्या शर्यतीत तो पळाला. त्याच्या पुढे एक गरोदर शिक्षिका होती, ती शेवटपर्यंत पुढेच राहिली. पण गुडघा गप्प होता. ओग्न्यान इतका खूश झाला, की शेवटची रेघ ओलांडून तसाच घरापर्यंत पळत गेला. पदक घ्यायचं राहिलं, ते मी आणलं.

आता ओग्न्यान खिडकीतून रस्त्यावरची पावलं बघत गिऱ्हाइकांची दाढी करतो. परवा एक मुलगी धपधप पळत गेली. हा वस्तरा ठेवून तिच्या मागे धावला, कोपऱ्यावर गाठून पाऊल कसं टाकायचं ते समजावत बसला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची उरलेली अर्धी दाढी मी केली.