सुमतीची जॅझची रेकॉर्ड

पक्षाघातानं सुमतीचं बोलणं गेलं, पण तिची जुनी जॅझची रेकॉर्ड लावली की ती त्या गायिकेबरोबर अख्खी ओळ म्हणते. रेकॉर्डवर माणसं चारच: गायिका, पियानोवाला, बास वाजवणारा आणि ड्रमवर ब्रश फिरवणारा. बाई श्वास घेते तेव्हा पियानोवाला हळूच दोन सूर टाकतो आणि बाजूला होतो. कुणालाच घाई नाही.

मी समोरच बसलेला असतो. माझं नाव मात्र तिला येत नाही.

"काका, गाणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं. रागावू नका," तिला बोलायला शिकवणारी मुलगी म्हणाली.

"मग बोलेल कधी? दिवाळीपर्यंत?"

"सांगता येत नाही."

"बरं, होळी धरा. त्यापुढे एक दिवस देणार नाही."

ती नुसती हसली. भंगाराच्या बाजारात आयुष्यभर मी समोरच्याला भावात खाली आणत आलो. इथं भांडायला समोर कुणी नाहीच. मग त्या चौघांचाच राग येतो. संसार माझ्याबरोबर केला आणि आवाज यांना दिला!

काल चिडून मी रेकॉर्ड बंद केली. सुमती ओळीच्या मध्येच थांबली, तोंड उघडंच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ते बघवेना, म्हणून मीच सुई परत ठेवली.