लिफ्टमधली बाई आणि बाबांचं भजन

चहा राहू दे बाजूला, आधी माझी वाट कशी लागली ते ऐका! आणि लावली कोणी? मीच, दुसरं कोण?

मी भांडुपला घरी बसून कंपनीचं काम करतो. लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद करा’ म्हणणारी बाई असते ना, तिला बोलायला लावायचं सॉफ्टवेअर. त्या दिवशी दुपारी क्लायंटला डेमो होता. तो नीट झाला की मी परमनंट! आणि सकाळी बघतो तर लॅपटॉप फुल. डेमो चालवायला तिळभर जागा नाही!

जागा कोणी खाल्ली? बाबांनी. गिरणी बंद पडल्यापासून बाबा भजनात रमलेत. मंडळाची सगळी रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर, ‘आवाज’ नावाच्या फोल्डरमध्ये. म्हटलं, उडवून टाकू. बाबांना कुठे कळतंय?

आता मी काय माउसने फोल्डर उघडणारा माणूस आहे का? छे! आमच्यात काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करतात. त्यात ऑफिसातल्या स्वप्नालीने मला एक टूल दिलेलं. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, असा लांबलचक पत्ता लिहायलाच नको. नुसतं नाव टाका, थेट आत! झकास! मी ऐटीत ‘आवाज’ टाकलं आणि कुठे पोचलो ते न बघताच सगळं कायमचं पुसून टाकलं.

जागा झाली. मी खूश. डेमो चालवून बघतो तर लिफ्टमधली बाई मुकी!

स्वप्नालीला फोन लावला.

“अगं, बाई गेली!”

“कुठली बाई?”

“लिफ्टची गं! मी तर बाबांचा ‘आवाज’ पुसला!”

“आणि बाईच्या फाइली ठेवलेल्या फोल्डरचं नाव काय?”

तेही ‘आवाज’च!

“अरे गाढवा, एका नावाची दोन असली तर ते टूल तू सारखा जातोस तिथेच नेतं. बाबांच्या फोल्डरमध्ये कधी गेला होतास?”

“फाइली ठेवायला गेलो, तेवढंच.”

“कामाची कॉपी तरी ठेवलीस ना?”

“उद्या ठेवणार होतो.”

“मेलास तू.”

मेलोच हो! दुपारी स्क्रीनवर साहेब, बाजूला क्लायंट. निदान आवाज येतो एवढं तरी दिसू दे म्हणून बाईच्या जागी बाबांची एक फाइल जोडून दिली. क्लायंट म्हणाला, “तिसरा मजला दाबा.” मी दाबला.

टाळ, मृदंग आणि बाबांची टिपेची तान!

साहेब म्हणाले, “ही लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर चाललीय की वैकुंठाला?”

संपलं! परमनंटचं नावच काढू नका.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाबा धावत आले. डोळ्यांत पाणी. “माझा भजन हापिसात लावलंस? सायबाक आवडला?”

काय सांगणार? म्हटलं, “खूप.”

आता ते रोज एक नवीन भजन आणून देतात, सायबासाठी. लॅपटॉप पुन्हा फुल, आणि पुसायची माझी छाती नाही. ऑफिसात मी अजून टेम्पररीच, पण माझ्या लॅपटॉपवर बाबा परमनंट झाले.